डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे आयुष्य आणि आपल्या सांध्या-स्नायूंची जोडी

सोलापूरच्या भैय्या चौकातून तुम्ही कधी गेला असाल, तर डॉ. कोटणीस स्मारक तुमच्या नजरेस पडले असेल. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणारे, तिथेच वयाच्या 32 व्या वर्षी मरण पावलेले सोलापूरचे डॉक्टर, एवढी ओळख बहुतेकांना असते. या लेखात त्यांचे आयुष्य थोडे सविस्तर वाचा. सोबत आपल्या शरीराचीही एक गोष्ट समजून घेऊया. आपण चालतो, उभे राहतो, वस्तू उचलतो, तेव्हा सांधे आणि स्नायू मिळून नेमके काय करतात?

हे दोन्ही विषय एकत्र घेण्यामागे कारण आहे. कोटणीस शल्यचिकित्सक होते आणि त्यांनी काम केले ते रणभूमीवर. युद्धात गोळी आणि तोफगोळ्याच्या कपच्या सर्वांत जास्त हातापायांना लागतात. म्हणजे हाड, सांधा आणि स्नायू यांची मोडलेली जोडी सावरणे हा त्या कामाचा मोठा भाग असतो. त्यांचा स्वतःचा शेवट ज्या आजाराने झाला, त्यातही स्नायूंची ही आपापसातली समजूत कशी बिघडते ते दिसते. तुमच्या घरात कुणाचे हाड मोडले असेल, गुडघा दुखत असेल किंवा कुणाला फिट येत असेल, तर पुढची माहिती तुमच्या उपयोगाची आहे.

सोलापूर ते परळ

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. सोलापूर तेव्हा कापड गिरण्यांचे गाव होते. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. दोन भाऊ आणि पाच बहिणी. शिक्षणासाठी ते मुंबईला गेले आणि परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आज आपण ज्याला केईएमचे जी. एस. कॉलेज म्हणतो तिथे, डॉक्टर झाले.

वैद्यकीय विद्यार्थी सुरुवातीलाच शरीररचना शिकतो. त्यातले थोडे तुम्हीही समजून घ्या, पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

मोठ्या माणसाच्या शरीरात 206 हाडे असतात आणि हाडांना हलवणारे 600 हून अधिक स्नायू. दोन हाडे जिथे भेटतात तो सांधा. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढऱ्या कूर्चेचा थर असतो, आणि सांध्याच्या पिशवीत थोडेसे चिकट वंगण. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या मजबूत पट्ट्यांना लिगामेंट म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला टेंडन म्हणतात. टाचेच्या वर मागच्या बाजूला चिमटीत धरता येते ती जाड दोरी हे शरीरातले सर्वांत मोठे टेंडन.

प्रत्येक सांध्याची ठेवण त्याच्या कामाप्रमाणे असते. कोपर मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखे उघडते आणि मिटते. खुबा आणि खांदा हे वाटीत गोळा बसवल्यासारखे, म्हणून ते सगळीकडे फिरतात. खुब्याची वाटी खोल असते, त्यामुळे तो भक्कम. खांद्याची वाटी उथळ, त्यामुळे तो खूप फिरतो आणि सहज निखळतोही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. तो आखडतो आणि हाडाला आपल्याकडे खेचतो. मग वाकवलेला हात सरळ कसा होतो? त्यासाठी उलट्या बाजूला दुसरा स्नायू लागतो. दंडाच्या पुढचा स्नायू, ज्याला आपण बेटकुळी म्हणतो, तो कोपर वाकवतो. दंडाच्या मागचा स्नायू ते सरळ करतो. एक ओढतो तेव्हा दुसऱ्याने सैल सोडायचे, असा त्यांचा व्यवहार. मांडीत पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो, मागचा वाकवतो. शरीरभर अशा जोड्या आहेत.

एकाने आखडताना दुसऱ्याने सैल होणे, हा हुकूम मज्जारज्जूतून सुटतो. इंग्लंडचे शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी ही व्यवस्था उलगडून दाखवली. मज्जापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी त्यांना 1932 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच दशकात कोटणीस मुंबईत डॉक्टर झाले.

1938: पाच डॉक्टर

1937 मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. लोकवर्गणीतून 22,000 रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. विजय बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. त्या वेळी कोटणीस पुढच्या शिक्षणाची तयारी करत होते. ती बाजूला ठेवून 1 सप्टेंबर 1938 रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. वय 28 सुद्धा पूर्ण नव्हते.

कँटनला उतरून, हांकौ आणि चुंगकिंग या शहरांत काम करत, 1939 च्या सुरुवातीला पथक उत्तरेत येनानला पोहोचले. वाटेतच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. घरी परतण्याची मोकळीक होती. ते परतले नाहीत. चीनमध्ये त्यांना के तिहुआ हे नाव मिळाले. त्यातल्या हुआ या अक्षराचा अर्थ चीन.

येनानहून पुढे आघाडीकडचा प्रवास डोंगराळ मुलुखातला होता. जपानी पहारे चुकवत, पायी आणि घोड्यावरून तो करावा लागे. दवाखानाही सैन्याबरोबर फिरता. सोलापूरच्या सपाट, कोरड्या माळरानावर वाढलेल्या माणसाला ही चढउतार नवीच असणार.

डोंगर उतरताना गुडघा का दुखतो

चालणे आपल्याला इतके सवयीचे असते की त्यात काही काम आहे असे वाटतच नाही. एक पाऊल हळू करून पाहा.

टाच जमिनीला टेकते. त्या क्षणी नडगीच्या पुढचा स्नायू पंजा आवरून धरतो, नाहीतर पंजा फाडकन आपटला असता. गुडघा किंचित वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू धक्का झेलतो. दुसरा पाय हवेत असतो, म्हणजे सगळे शरीर एका पायावर. तेव्हा खुब्याच्या बाजूचे स्नायू कंबर समतल धरतात. ते अशक्त असतील तर माणूस डुलत चालतो. शेवटी पोटरी आखडते, टाच उचलली जाते आणि शरीर पुढे जाते. साध्या चालीत प्रत्येक पाय साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के वेळ हवेत असतो.

चढण चढताना दम लागतो, पण गुडघे कुरकुरतात ते उतरताना. असे का? चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना त्याला लांबत लांबत भार सोडावा लागतो, जसे विहिरीत भरलेली कळशी दोराने हळूहळू सोडावी. शरीर खाली कोसळू नये म्हणून तो सतत लगाम धरून असतो. अशा कामात स्नायूवर आणि वाटीच्या मागच्या कूर्चेवर ताण जास्त पडतो. म्हणूनच सिंहगड उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात. म्हणूनच गुडघ्याची झीज असलेले आजी-आजोबा सांगतात की जिना चढता येतो, उतरताना मात्र कठडा लागतो.

यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, गुडघ्याचा खरा आधार मांडीचा स्नायू आहे. गुडघा दुखतो म्हणून चालणे पूर्ण बंद केले की मांडी बारीक होते, आधार जातो आणि गुडघा जास्त दुखतो. दुसरी, कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला की स्पंजासारखी ती दाबली जाते, सुटते आणि भोवतालच्या वंगणातून पोषण शोषून घेते. बेताची हालचाल हे सांध्याचे अन्न आहे.

खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करा, पाच आकडे मोजा, हळू खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. दुखणे वाढले नाही तर रोज करा. जिना चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा पाय आधी.

आघाडीवरचा जखमी पाय

1940 मध्ये उत्तर चीनमध्ये मोठी लढाई पेटली. कोटणीस जखमींवर उपचार करणाऱ्या पथकासोबत होते. त्या लढाईत त्यांनी सलग 72 तास, न झोपता, शस्त्रक्रिया केल्या. 800 हून अधिक जखमींवर उपचार केले. औषधे, मलमपट्ट्या, भूल देण्याचे साहित्य, सगळ्याचीच नाकेबंदीमुळे टंचाई होती.

अशा ठिकाणी मांडीचे हाड मोडलेला जवान आणला जातो तेव्हा काय झालेले असते, ते पाहा. मांडीचे हाड शरीरातले सर्वांत लांब आणि मजबूत हाड. ते मोडले की आतल्या आत लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त जाऊ शकते. पण त्रास तेवढाच नसतो. हाड अखंड असते तेव्हा मांडीचे बलाढ्य स्नायू त्याला खेचून गुडघा हलवतात. हाड मोडल्यावर खेचणे थांबत नाही. वेदनेमुळे स्नायू उलट अधिकच आखडतात. मग मोडलेली टोके एकमेकांवर चढतात, पाय आखूड दिसतो आणि टोकदार हाड मांसात, रक्तवाहिन्यांत रुतते. जे स्नायू एरवी चालवतात तेच आता इजा वाढवतात.

यावरचा उपाय म्हणजे पाय लांब ओढून धरणे आणि खपच्या बांधून स्थिर करणे. पहिल्या महायुद्धात थॉमस स्प्लिंट नावाच्या साध्या लोखंडी चौकटीमुळे मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाले. स्नायूंची ओढ रोखली की वेदना कमी होते, रक्तस्राव कमी होतो आणि रुग्णाला हलवता येते.

हे तुम्हालाही उपयोगी आहे. सोलापूर-पुणे रस्त्यावर अपघात झालेला दिसला आणि पाय वाकडा, आखूड दिसत असेल, तर त्याला बगलेत धरून उभे करू नका, रिक्षात कोंबू नका. पाय चोळू नका, तेल लावू नका. आहे तसाच ठेवून दोन्ही बाजूंना फळी, काठी किंवा गुंडाळलेली चादर लावून मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली बांधा. शेजारचा चांगला पायसुद्धा खपचीचे काम करतो, दोन्ही पाय एकत्र बांधता येतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. 108 ला फोन करा.

प्लास्टर निघाल्यावर

हाड जुळण्यासाठी स्थिरता लागते, पण स्थिरतेची किंमत असते. प्लास्टरमध्ये ठेवलेला सांधा ताठ होतो. त्याची पिशवी आक्रसते, स्नायू आखूड होतात. न वापरलेला स्नायू एक-दोन आठवड्यांतच डोळ्यांना दिसेल इतका बारीक होऊ लागतो. म्हणून आज अस्थिरोगतज्ज्ञ हाड नीट बसवल्यावर लवकरात लवकर हालचाल सुरू करायला सांगतात.

रुग्णाचे आणि घरच्यांचे नेमके इथे चुकते. एक्स-रे चांगला आला, प्लास्टर निघाले, की काम संपले असे वाटते. खरे तर तेव्हा अर्धे काम उरलेले असते. प्लास्टर हातावर असेल तर बोटे आणि खांदा रोज हलवा. पायावर असेल तर बोटे हलवा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मांडीचा स्नायू जागेवरच आवळून सोडा. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपी चुकवू नका. सुरुवातीला ताणल्यासारखे दुखणे अपेक्षित असते. रात्री झोपमोड करणारे दुखणे, सूज, लाली किंवा ताप मात्र नाही.

प्लास्टरमध्ये बोटे निळी पडली, बधिर झाली, गार पडली, किंवा बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढल्याची ती खूण असू शकते. काही तासांत स्नायू कायमचा निकामी होऊ शकतो.

सर्जनचे हात, सर्जनचे पाय

72 तास शस्त्रक्रिया म्हणजे 72 तासांचा बराचसा वेळ उभे राहणे. आपल्याला वाटते, चालणे हे काम आणि उभे राहणे ही विश्रांती. तसे नाही. उभ्या माणसाचे शरीर सतत किंचित पुढे-मागे झुकत असते आणि पोटरीचा खोल स्नायू, पाठीचे स्नायू त्याला सावरत असतात. पोटरीला आणखी एक काम आहे. ती आखडते तेव्हा पायातल्या शिरांतले रक्त वर ढकलले जाते. नुसते स्थिर उभे राहिले तर हा पंप मंदावतो, पाय जड होतात, सुजतात, शिरा फुगतात. चादर-टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभे राहणाऱ्या सोलापूरकरांना हे नव्याने सांगायला नको. तुमचे काम उभ्याचे असेल तर दर अर्ध्या तासाने टाचा वीसेक वेळा वर-खाली करा, एक पाय आलटून पालटून छोट्या पाटावर ठेवा, आणि पायांच्या शिरा फुगल्या असतील तर डॉक्टरांना दाखवा.

आता हात. एका हातात 27 हाडे असतात. गंमत अशी की बोटांना वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखालच्या भागात असतात. तिथून लांब टेंडन मनगटातून बोटांपर्यंत जातात, जणू कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या. कोपराखाली दुसऱ्या हाताने धरून बोटे हलवा, आतली हालचाल तुम्हाला जाणवेल. बारीक, नाजूक हालचाली मात्र तळहातातले छोटे स्नायू करतात. अंगठ्याच्या मुळाचा सांधा खोगिरासारखा असल्याने अंगठा प्रत्येक बोटाला भिडतो, म्हणून आपण सुई धरू शकतो आणि सर्जन टाका घालू शकतो.

हाताने वजन धरताना स्नायूला किती ताकद लागते माहीत आहे? बेटकुळीचा स्नायू कोपराच्या अगदी जवळ, चार-पाच सेंटिमीटरवर, हाडाला जोडलेला असतो. वजन असते हातात, त्याहून सात-आठ पट लांब. तरफेच्या नियमाने पाच किलोची पिशवी कोपर वाकवून धरायला स्नायूला जवळजवळ 40 किलोइतके ओढावे लागते. ताकद जास्त लागते, पण त्या बदल्यात स्नायू थोडासा आखडला तरी हात मोठे अंतर झपकन कापतो. म्हणून जड वस्तू अंगाजवळ धरा. हात लांब करून धरलेली तीच वस्तू खांद्याला आणि कंबरेला कितीतरी जड पडते.

आघाडीवरच्या सर्जनसाठी हात हेच धोक्याचे ठिकाणही होते. कॅनडाचे प्रसिद्ध सर्जन नॉर्मन बेथून याच भागात काम करत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि नोव्हेंबर 1939 मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून जानेवारी 1941 मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. बोटाच्या टेंडनभोवती अरुंद म्यान असते. त्यात पू झाला तर तो झरझर पसरतो. बोट सुजून अर्धवट वाकलेले राहिले आणि सरळ करताना प्रचंड दुखले, तर ते घरी शेकत बसण्याचे दुखणे नाही. मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शिक्षक आणि संसार

कोटणीस चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले. रुग्णालयाबरोबर वैद्यकीय शाळेतही ते शिकवत. खेड्यातून आलेल्या तरुणांना थोड्या काळात शल्यचिकित्सेचे सहायक बनवायचे होते. त्यांच्यासाठी त्यांनी चिनी भाषेत शस्त्रक्रियेची पाठ्यपुस्तके लिहायला घेतली. त्यातले दुसरे अपुरेच राहिले.

रुग्णालयातल्या शिक्षिका-परिचारिका को छिंगलान यांच्याशी 1941 च्या अखेरीस त्यांचे लग्न झाले. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

शेवटचा आजार: स्नायूंची समजूत मोडते तेव्हा

याच काळात कोटणीसांना आकड्या, म्हणजे आपण ज्याला फिट किंवा अपस्मार म्हणतो त्याचे झटके येत होते. ते काम करत राहिले. डिसेंबर 1942 मध्ये एकामागून एक झटके आले आणि 9 डिसेंबरला त्यांचे निधन झाले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

सुरुवातीला आपण पाहिले की एक स्नायू ओढतो तेव्हा समोरचा सैल सोडतो. मोठ्या झटक्यात मेंदूत विजेचे वादळ उठते आणि सगळ्या स्नायूंना एकाच वेळी आखडण्याचा हुकूम सुटतो. वाकवणारे आणि सरळ करणारे दोघेही खेचतात, कुणीच सोडत नाही. म्हणून शरीर आधी लाकडासारखे ताठ होते, छातीचे स्नायू आवळल्याने श्वास अडतो, ओठ निळसर पडतात. मग आखडणे आणि सुटणे यांचे झटके सुरू होतात. ही ओढ इतकी जबर असते की खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. एरवी अपघातात तो बहुधा पुढे निखळतो. म्हणून फिट येऊन गेल्यावर रुग्ण खांदा हलवू देत नसेल तर एक्स-रे काढून घ्या.

झटका पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरा आला, तर तो जिवावरचा प्रसंग असतो. श्वास अडतो, मेंदूला प्राणवायू कमी पडतो, शरीर तापते. सततच्या आखडण्याने स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातला पदार्थ मूत्रपिंडात अडकतो, लघवी काळपट होते. 1942 मध्ये फिटवर फेनोबार्बिटोन उपलब्ध होते, फेनिटॉइन नुकतेच आले होते. पण नाकेबंदीतल्या डोंगरात साध्या औषधांचीही टंचाई होती. आज ही परिस्थिती नाही. फिटची औषधे जिल्हा रुग्णालयांतही मिळतात, आणि नियमित औषधाने बहुतांश रुग्णांचे झटके थांबतात.

घरात कुणाला फिट आली तर हे करा:

- घड्याळ पाहा. झटका किती वेळ चालला ते डॉक्टरांना सांगता आले पाहिजे.
- आजूबाजूच्या टणक, धारदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा.
- हातपाय दाबून धरू नका. आखडलेल्या स्नायूविरुद्ध जोर लावल्याने सांधा निखळू शकतो, हाड मोडू शकते.
- तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका.
- कांदा किंवा चप्पल हुंगवणे, हातात लोखंडी किल्ली देणे याचा काही उपयोग नाही. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, म्हणून किल्लीला श्रेय मिळते.
- झटके थांबताच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल.
- पाच मिनिटांहून जास्त चालले, लगेच दुसरा झटका आला, गरोदर बाई असेल, डोक्याला मार असेल किंवा ही पहिलीच वेळ असेल, तर थेट रुग्णालय.

औषध स्वतःहून बंद करू नका. झोप चुकवू नका. जागरण आणि अतिश्रम यांनी झटके ओढवतात. कोटणीसांच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी भरपूर आल्या. त्या त्यांनी समजून-उमजून पत्करल्या होत्या, कारण समोर जखमी होते. तुमच्यावर तशी वेळ नाही. औषध चालू असणारा माणूस शिकू शकतो, नोकरी करू शकतो, लग्न करू शकतो. गाडी चालवणे, पोहणे आणि उंचावरचे काम यांबाबत मात्र डॉक्टरांशी बोलून घ्या.

त्यांच्यानंतर

पथकातले इतर चौघे भारतात परतले. कोटणीसांची समाधी उत्तर चीनमध्ये, आता शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मारकात आहे. 1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट काढला. त्यात कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतःच केली. भारत आणि चीन, दोन्ही देशांनी कोटणीसांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. पत्नी को छिंगलान दीर्घायुषी ठरल्या, 2012 मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्या जखमींना त्यांनी पुन्हा पायावर उभे केले, त्यांची नावे आपल्याला माहीत नसतात. पण मोडलेला पाय जमिनीवर टेकवून माणसाने पहिले पाऊल टाकावे, यासाठी सर्जनचा हात, रुग्णाचा व्यायाम आणि घरच्यांचा धीर तिन्ही लागतात, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. तुमच्या घरात असा कुणी असेल तर आज संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम करून घ्या.

डॉक्टरांना लवकर कधी दाखवावे

- सांधा अचानक सुजला, लाल आणि गरम झाला, सोबत ताप असेल.
- मार लागल्यावर पायावर भारच देता येत नसेल किंवा हात-पाय वेडावाकडा दिसत असेल.
- हातापायातली ताकद अचानक गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले. हा पक्षाघात असू शकतो, एक मिनिटही दवडू नका.
- पोटरी एकाच बाजूची सुजून दुखत असेल, विशेषतः प्लास्टरनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात काढल्यावर.
- सांधेदुखी सहा आठवड्यांहून जास्त टिकली, किंवा सकाळचा ताठरपणा जायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत असेल.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या दुखण्याचे निदान आणि औषध तुमच्या डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचे असते.